भरीव

“वैनी, आत पोकळ नाय. समदं भरीव हाय. डोंगरातच कोरलाय, एकाच दगडात,” सहादूकाका म्हणाले.

आईनं बोटांची पेरं स्तूपावर आपटली. आवाज आला नाही. तिच्या पदराआड तांब्या होता, त्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. राख आम्ही त्याच सकाळी सावडली होती. ब्याऐंशीचा मे महिना होता.

“मग हे का सांगायचे, आत मोठ्या माणसाची राख हाय म्हणून?”

“गोट्या सगळ्यांनाच सांगायचा तसं. लोक हात लावायला भ्यायचे.”

गोट्या म्हणजे माझे वडील, गोटीराम. पांडवलेण्यांवर पुरातत्त्व खात्याचे पहारेकरी होते. सहादूकाका त्यांचे जोडीदार. वटवाघळांची घाण झाडायची, स्तूपाला कुणी फासलेलं कुंकू ओल्या गोणपाटानं पुसायचं, खडूनं नाव लिहिणाऱ्याला हटकायचं, “रेशनकार्डावर हाय ना नाव? मग इथं कशाला?” एवढीच नोकरी. त्यावर आमची शिक्षणं झाली. आई डबा घेऊन यायची, ती पायऱ्यांपर्यंतच. आत ती त्या दिवशी पहिल्यांदा आली होती.

“चिमूटभर तरी ठिवू द्या, भावजी. त्यांच्या जागेवर.”

“साहेबानं बघितलं तर माझी नोकरी जाईल, वैनी.”

आई तिथून हलली नाही. मग काका म्हणाले, “मी जरा बिडी वढून येतो,” आणि पाठ फिरवून बाहेर गेले.

आईनं फडक्याची गाठ सोडली. मी बघत होते. मला काहीच वाटत नव्हतं. तळव्यांना कातळ गार लागत होता, एवढंच कळत होतं. खाली मुंबई रस्त्यावर एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

तिनं चिमूट घेतली. हात स्तूपाच्या पायथ्याशी नेला आणि थांबली.

“ठेव ना,” मी म्हटलं.

“उद्या पुसणार कोण? भावजीच. जोडीदाराची राख त्यांनीच पुसायची?”

चिमूट तांब्यात परत गेली. बोटं तिनं काठावर घासली, कितीतरी वेळ.

काका लांबूनच खाकरत आले.

“झालं, वैनी?”

“झालं.”

त्यांनी पायथ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे. आईच्या हातातून तांब्या घेऊन त्यांनी तो छातीशी धरला आणि पुढे होऊन पायऱ्या उतरू लागले. पायऱ्या उन्हानं तापल्या होत्या. त्यांच्या वहाणा वर लेण्याच्या दारातच राहिल्या.