खाटेखालची कळशी

लंकाबाईचा पाय काही एका जागी ठरेना. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून खाटेपर्यंत. नर्सबाई दोनदा खेकसली, तरी हिचं आपलं चालूच. पाथर्डीकडून नगरच्या दवाखान्यात आणलेल्या नऊ वर्षांच्या लेकीला, चांगुणाला, रक्ताच्या कॅन्सरची सुई देऊन दुसरा दिवस उजाडला होता, आणि पहाटेपासून पोरीला लघवी नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "या औषधानं रोगट पेशींची वाढ अडते, मग त्या आपोआप मरतात. लाखोंनी मरतात. त्यांची घाण लघवीवाटे गेली नाही तर मूत्रपिंडं तुंबतील. तासाला पेलाभर पाणी पाजा."

लंकाबाई पेले भरत होती, पेले रिकामे होत होते. मग पाणी मुरत होतं कुठं?

चादर खोचायला ती वाकली, तर खाटेखाली घरून आणलेली कळशी काठोकाठ भरलेली.

"चांगे, ह्ये काय गं?"

"घरी न्यायचं, आये. बा दोन कोसांवरनं पानी आनतो. मला दोन घोट पुरत्यात."

लंकाबाईनं कळशी बाहेर ओढली. रागवायचं तरी कोणत्या तोंडानं? दुष्काळ पडल्यापासून 'दोन घोट पुरे' हे वळण तिनंच लावलं होतं.

ती धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून आली. त्यांनी सलाईन लावली, पण पाजणं सोडू नका म्हणाल्या. पोरगी तर दात घट्ट मिटून बसली.

"अगं येडे, सांगायचंच ऱ्हायलं. आपल्या हिरीला पानी लागलं."

"खरं? किती?"

"गुडघाभर."

चांगुणानं पेला संपवला. पुढच्या पेल्याला पाणी कमरेला आलं, त्याच्या पुढच्याला गळ्याला. चौथ्याला लंकाबाईनं बेधडक मोटच सुरू केली. जन्मात इतकं खोटं ती कधी बोलली नव्हती.

दुपार कलली तेव्हा पोरगी म्हणाली, "आये, भांडं दे."

भांडं भरलं. लंकाबाईला रडूच फुटलं. थेंबही न सांडता, दोन्ही हातांनी धरून ती ते डॉक्टरीणबाईंना दाखवून आली.

"घरी गेल्यावर पयली मी हिरीत वाकून बघनार," चांगुणा म्हणाली.

विहिरीच्या तळाला तर भेगा होत्या. लंकाबाईनं मढीच्या दिशेनं हात जोडले. कानिफनाथा, येऊ दे पोरीला त्या कोरड्या विहिरीपाशी. मला तोंडावर खोटारडी म्हणू दे.