आत बाई आहे

संडासाला फीत बांधलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. लाल साटीनची फीत, मधोमध झेंडूचं फूल, आणि फितीमागे हे एवढं कुलूप. तेही फक्त बायकांच्या दाराला. पुरुषांचं दार उद्घाटनाच्या आधीच कुणीतरी ढकलून उघडलं होतं आणि ते परत बंद करायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं, संडासापेक्षा त्याची फीत मोठी झाली होती.

पेठनाक्याच्या अलीकडे हायवेला नवा थांबा झाला, त्याचं उद्घाटन होतं. गाड्या लावायला जागा, चहानाश्त्याची दुकानं आणि एका बाजूला कलेचं उद्यान. उद्यानात हळदीचं एक अवाढव्य हळकुंड होतं, मिरजेच्या नावानं दोन माणसं उंचीची एक सतार होती, तिला तारा लावायच्या राहिल्या होत्या, आणि फायबरची एक बैलजोडी होती. चौथं शिल्प माझं. मी ब्राह्मी, मिरजेजवळच्या एका गावची. सिमेंट, सळई आणि छिन्नी यांच्यावर माझं पोट आहे.

माझ्या शिल्पात सहा बाया आहेत. पुऱ्या उंचीच्या, गोल करून उभ्या, दोन्ही हातांनी पदर ताणून धरलेल्या. निवड समितीनं चित्र पाहिलं आणि परस्पर ठरवून टाकलं, की शिराळ्याकडं नागपंचमीला बाया फेर धरतात, तोच हा. फलकही तसाच रंगवून घेतला. फेरातल्या बाया तोंडं आत करून नाचतात आणि माझ्या बायांची तोंडं बाहेर आहेत, पाठी आत, हे त्या शहाण्यांतल्या एकालाही दिसलं नाही. मला कुणी विचारलंही नव्हतं, आणि सांगितलं असतं तर काम झालंच नसतं.

शाळेत असताना आम्ही बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला निघालो होतो आणि आमची गाडी भर रस्त्यात बंद पडली होती. मला पोटात दुखायला लागलं. दोन्ही बाजूंनी ट्रक, आडोसा म्हणून एक झुडूप नाही. माझी आई, गुणमालाकाकू आणि सोबतच्या बायांनी मला मध्ये घेतलं, पाठ करून उभ्या राहिल्या आणि पदर पसरले. एक ट्रकवाला वाकून बघायला लागला, तर काकूनं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्यानं गाडी पळवली. ते डोळे मी विसरले नाही. सहाही बायांना मी तेच डोळे केलेत.

तर उद्घाटनाचा दिवस. कार्यक्रम सकाळचा होता, ऊन माथ्यावर आलं तरी फीत कापणाऱ्या बड्या साहेबांचा पत्ता नव्हता. खुर्च्या भरायला आजूबाजूच्या गावांतून बचत गटाच्या बाया आणून बसवल्या होत्या, सगळ्या एका रंगाच्या साड्यांत. माझ्या शिल्पाभोवती पाइपांचा चौकोन उभा करून त्यावर जांभळा पडदा सोडला होता, खालपर्यंत. दोरी ओढली की पडदा खाली. सगळ्याची व्यवस्था जयराजकडे होती. हा कंत्राटदाराचा भाचा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि संडासाची किल्ली त्याच्या वरच्या खिशात.

तेवढ्यात एक क्रूझर आत वळली. आधी एक म्हातारी उतरली, मग तीन बाया, आणि शेवटी हिरव्या साडीतली एक पोर, एक हात कमरेवर, एक पोटाखाली. म्हातारी थेट जयराजकडे आली.

"आवं दादा, बायकांचं कुठं हाय?"

जयराजनं फीत दाखवली. "उद्घाटन व्हायचंय, मावशी. साहेब आले की लगेच खुलं."

"कवा येणार सायब?"

"आलेच म्हणून समजा."

"पोर सात म्हयन्याची हाय," म्हातारी म्हणाली. "साताऱ्यास्नं निघालोय, ओटी भरून म्हायेरी न्हेतोय, कवठे महांकाळला. मागल्या पंपावर कुलूप, त्याच्या मागल्या धाब्यावर नुसतं गडी. आता तिला दम निघत न्हाई."

"मावशी, फीत तुटली तर माझी मान जाईल. नाका जवळच आहे, तिथं बघा."

पोरीचं नाव अंकिता. ती ओठ आवळून, पाय जुळवून, कुणाच्याच डोळ्यात न बघता उभी होती. आपण प्रत्येकीनं कधी ना कधी असं उभं राहिलेलं आहे. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, पण जयराजच्या वंशाला जायचं कुणाच्या नशिबात नव्हतं.

"जयराज, किल्ली दे," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही कलाकार माणूस. यात पडू नका." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पुढच्या पाच थांब्यांची शिल्पं कुणाला द्यायची, ते साहेब आजच ठरवणार आहेत."

म्हातारीला, म्हणजे बनुबाईला, आमच्या बोलण्यात रस नव्हता. ती चौफेर बघत होती. रस्ता रुंद करताना तिथल्या चिंचा गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी घोट्याएवढी शोभेची रोपं लावली होती. आडोसा म्हणावा असा सगळ्या थांब्यात एकच होता, तो माझ्या शिल्पाचा पडदा. बनुबाई सरळ तिकडे चालत गेली, वाकली आणि पडद्याखालून आत शिरली.

आतून तिचा आवाज आला, मोठ्यानं, हसत. "आगं ए, या बाया बघा गं! आपल्यावानीच हुब्या हायत्या! अंके, ये आत. आपल्यासाठनं मधी जागा ठिवलीया."

खरं सांगते, मला आधी राग आला. हातांची सालं काढून केलेलं काम, अजून कुणी डोळे भरून पाहिलंही नाही, आणि त्याचा पहिला उपयोग हा! पण मग त्या बाया केल्या कशाला होत्या मी? समितीला कळल्या नाहीत, फलक रंगवणाऱ्याला कळल्या नाहीत. बनुबाईला नुसतं डोकं आत घालताच कळल्या. माझ्या कामाला इतकी चांगली दाद आजवर कुणी दिलेली नाही.

जयराज धावत आला. "मावशी, बाहेर या! ते आर्ट आहे!"

"असू दे की. आमी काय घरी न्हेतोय व्हय?"

मी अंकिताचा हात धरला. तिचा तळहात घामानं ओला होता. "ताई, तुमचं हाय न्हवं ते?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुझ्यासाठीच आहे, जा." ती आत गेली आणि मी पडद्याच्या फटीशी पाठ करून, ओढणी पसरून उभी राहिले. क्रूझरमधल्या तिघी माझ्या दोन्ही बाजूंना येऊन तशाच उभ्या राहिल्या.

आणि नेमकी त्याच वेळी हलगी कडाडली. साहेबांच्या गाड्या आल्या. हार-फोटो गाडीपाशीच झटपट उरकले, आणि वेळ वाचवायचा म्हणून आधी शिल्पाचं अनावरण करू, असं साहेबच म्हणाले. जयराजचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण साहेबांना नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. साहेबांनी दोरी हातात घेतली, कॅमेऱ्यांकडे बघितलं. मी पुढे होऊन त्यांच्या मुठीच्या वर दोरी घट्ट धरली.

"थांबा. आत बाई आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आत बाई आहे. तिचं होऊ दे."

हलगी थांबली. साहेबांना थांबवून ठेवायची सवय होती, थांबायची नव्हती. ते जयराजकडे वळले. "बायकांसाठी सोय नाही का इथं?"

"आहे की," मीच म्हटलं. "तुमच्या कात्रीसाठी बंद ठेवलीय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. "तुम्ही कोण?"

"हे शिल्प माझं आहे. आणि हा फेर नाही, साहेब. फलक चुकीचा आहे. रस्त्यात बाईवर बसायची वेळ आली, की बाकीच्या बाया अशा उभ्या राहतात. पाठ तिच्याकडे, तोंड तुमच्याकडे. तेवढंच केलंय मी."

पाच थांब्यांचं काम त्या वाक्यासरशी गेलं, हे मला बोलता बोलताच कळलं. वाईट वाटायला हवं होतं. पण छातीतून काहीतरी मोकळं झालं, आणि मला इतकं बरं वाटलं, की दोरी सोडायचं मी विसरले.

अंकिता बाहेर आली. घाई नाही, लाज नाही. पदर सारखा केला, समोरच्या गर्दीकडे एकदा नीट बघितलं आणि गाडीकडे चालायला लागली. तिच्या मागून बनुबाई आली. ती व्यासपीठाकडे गेली, साहेबांच्या खुर्चीपुढची पाण्याची सीलबंद बाटली उचलली, फोडली, पोरीच्या हातावर पाणी घातलं आणि मग स्वतःच्या.

"झालं ना? ओढा साहेब," जयराज पुटपुटला. साहेबांनी मूठ आवळली.

"जरा थांबा," खुर्च्यांतून आवाज आला. बचत गटाची अध्यक्ष शिवांजली उठून उभी राहिली होती. "सकाळधरनं आमाला हितं आणून बसवलंय, कुलपाकडं बघत. मीबी जाऊन येते." आणि ती पडद्याकडे आलीच. तिच्या पाठोपाठ तिच्या शेजारची उठली. मग पुढची ओळ. मग एका रंगाच्या सगळ्या साड्या खुर्च्या सरकवत उठल्या आणि पडद्यापाशी रांग लागली.

जयराजनं घाईघाईनं खिशातून किल्ली काढली. "ताई, ओ ताई, उघडतो ना! आत्ता उघडतो, तिकडं चला!"

"ऱ्हाऊ दे," शिवांजली पडदा उचलता उचलता म्हणाली. "फीत कापायची हाय न्हवं? आमच्यापायी शोभा कशाला घालवता?"

जी जाऊन येत होती, ती परत खुर्चीवर बसत नव्हती. पडद्याला पाठ करून, पदर पसरून, आमच्या शेजारी उभी राहत होती. बघता बघता चौकोनाच्या चारही बाजू भरल्या. हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. साहेब दोरी धरून उन्हात उभे होते. सोडावी तर हरल्यासारखं, ओढावी तर समोर एवढे डोळे. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि जवळ उभ्या असलेल्या बनुबाईला हळूच विचारलं, "अजून किती जणी आहेत?"

बनुबाईनं त्यांच्याच बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायलं आणि रांगेच्या टोकापर्यंत नजर टाकली.

"लय हायती, सायब," ती म्हणाली. "तुमी आपली खुर्ची घ्या."