तांबडीच्या पोटातली चूक

आक्काचा फोन आला तेव्हा मी उमरग्यात एका लग्नाच्या हॉलमागं बसून रुमालांना इस्त्री करत होतो.

"सिद्ध्या, आहेस तसा ये. तू घातलेला घोळ तूच निस्तर."

एवढं बोलून तिनं गावाचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. माझी थोरली बहीण शिवकन्या. नळदुर्गाच्या आसपासच्या खेड्यांतून जनावरांची डॉक्टर म्हणून फिरते. गाईम्हशींशी इतकं गोड बोलते म्हणता! माझ्या वाट्याला मात्र हे असलं येतं.

लहानपणापासून तेच. मी घमेल्याखाली कोंबडीचं पिल्लू ठेवून फुंकर मारायचो, घमेलं उचललं की पिल्लू गायब. पोरं टाळ्या पिटायची. आक्का मात्र माझ्या बाहीत हात घालून पिल्लू काढायची, त्याचे पाय-पंख तपासायची आणि मला टाळक्यात एक ठेवून द्यायची. पुढं ती शिकून डॉक्टर झाली आणि मी झालो 'जादूगार सिद्धेश्वर'. शाळांची गॅदरिंगं, लग्नं, जत्रा. दोघांच्याही खुळानं दोघांना भाकरी दिली, असं आमचे आबा कौतुकानं सांगायचे.

आता घोळ काय, तर तोही आक्कामुळंच सुचलेला. वैरणीतून गाय खिळा गिळते, तो पोटात टोचत राहतो, मग पोट उघडून काढावा लागतो, हे तिनं मला एकदा जेवताना सांगितलं. मी म्हटलं, हा तर तयार खेळच! "असलं काही करू नकोस," ती म्हणाली. ऐकतो कोण? गेल्या पोळ्याला आक्कानं सांगितलेल्या याच गावात मी बैलाच्या पोटावरून हात फिरवला, "लोखंडा, बाहेर ये!" म्हणून ओरडलो आणि पेरभर चूक, म्हणजे बारका खिळा, काढून दाखवली. ना जखम, ना रक्त. चूक माझ्या खोट्या अंगठ्यात होती. कातडीच्या रंगाची रबरी टोपी असते ती, अंगठ्यावर चढवायची. गाव नुसतं खुळं झालं होतं.

मी पोचलो तेव्हा कडूबाई गोठ्यात तांबडीच्या गळ्यात हात टाकून उभी होती. म्हातारी एकटी, घरात दुसरं जित्राब नाही. गाय पाठ वाकवून कण्हत होती. रवंथ बंद झालेलं.

"डाक्तरीणबाईला पोट फाडू द्यायची न्हाय म्या," कडूबाई म्हणाली. "महाराज न फाडता काडत्यात. आले बगा महाराज!"

महाराज म्हणजे मी. कानशिलं तापली माझी.

"मावशी, तो खेळ होता," मी म्हणालो. "सगळं खोटं. हे बघा." खिशातून रबरी अंगठा काढून चढवला, त्यातून लाल रुमाल ओढला आणि सगळ्यांसमोर अंगठा उपटून दाखवला.

"आगं बया!" कडूबाईनं हात जोडले. "अंगठा उपटला आन् खालनं दुसरा उगवला!"

मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी चिडलो, रबर तिच्या हातात कोंबलं. तिनं ते कपाळाला लावलं.

आक्कानं मला बाजूला ओढलं. "लोखंड शोधायचं यंत्र पोटावरून फिरवलंय, आत लोखंड आहे. ते काळजाला टोचून गळ्याखाली पाणी उतरलं की गाय गेली. आता खरं सांगत बसायला वेळ नाही. कसंही कर, म्हातारीला तयार कर."

हे आक्का म्हणत होती! जिनं जन्मात मला एक खेळ पुरा करू दिला नाही, ती.

मी स्टेजवरचा आवाज काढला. "मावशी, आज माझी विद्या हिच्या हातात उतरवतो."

आक्का दोन पावलं पुढं आली आणि सगळ्या गावासमोर माझ्यापुढं मान वाकवली. थोरली बहीण, एवढी शिकलेली डॉक्टर. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या कपाळाची शीर उडत होती. भुई फाटली असती तर बरं, असं वाटलं मला.

कडूबाई तांबडीपासून बाजूला झाली. मग आक्कानं डाव्या कुशीवरचे केस काढले, भुलीची सुई दिली, पोट उघडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. तांबडी उभीच होती. मी कंदील धरल्यासारखा मोबाइलची बॅटरी धरून होतो. बऱ्याच वेळानं आक्कानं हात बाहेर काढला. चिमटीत गंजलेली चूक होती.

टाके घालून झाल्यावर तांबडीनं कान हलवले, पाण्याला तोंड लावलं. कडूबाई रडत आली आणि आक्काला ओलांडून माझ्या पाया पडली.

"मावशी, त्यांच्या पडा. त्यांनी वाचवली."

"हात त्यांचा व्हता. विद्या तुमची, महाराज."

आक्का बादलीत हात धूत होती. तिनं चूकही धुतली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घे. ही खरी चूक. जपून ठेव."

तेवढ्यात दारातून एक माणूस आत डोकावला. "महाराज, आमची म्हैस दोन दिस झालं खाईना."

"डॉक्टर ह्या आहेत," मी आक्काकडं बोट केलं. "ह्यांना न्या."

त्यानं आक्काच्या रक्तानं भरलेल्या एप्रनकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्या फाडत्यात, महाराज. आमाला न फाडता पायजे."

आक्कानं ते ऐकलं. बादलीतलं लाल पाणी उकिरड्यावर ओतलं आणि कडूबाईकडं दुसरं मागितलं.