आईचं ऐक

रिवाजाप्रमाणे सातव्या दिवशी आमच्या दमन्हूरच्या घरी माझ्या भावाच्या बाळाला, वजीहला, चाळणीत ठेवलं आणि माझ्या आईने, तफीदाने, त्याच्या कानाशी पितळी खलबत्ता बडवायला घेतला. "आईचं ऐक रे, बापाचं ऐकू नकोस," असं ती घावागणिक बजावत होती. या आवाजाने एरवी पोरं घर डोक्यावर घेतात. वजीह मात्र निवांत पडून राहिला.

"सिंह आहे माझा नातू," आई म्हणाली. "याचा बाप तर रडून रडून ओकला होता."

माझा भाऊ शौकी हसला. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

माझी वहिनी रावया शाळेत पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवायची. बाळाशी जितकं बोलावं तितका त्याचा मेंदू उघडतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती वजीहला रोज समोर बसवून गोष्टी वाचायची. तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि तिने डोळे मोठे केले की खळखळून हसायचा.

"सगळं कळतं त्याला," ती म्हणायची.

तिसरं सरलं तरी पोर बोलेना. रावयाने डॉक्टरचं नाव काढलं, तर आईचं उत्तर तयार. "बाप तरी कुठे लवकर बोलला? अजून कुठे बोलतो म्हणा. सिंहाला डॉक्टर कशाला, नजर लावून घ्यायचीय?"

मग एकदा गल्लीत गॅसवाला आला. टाकीवर पाना बडवत त्याची गाढवगाडी आली, पोरं कानांवर हात ठेवून बाजूला पळाली. वजीह पाठ करून मुंग्या बघत बसला होता. गाढव त्याच्या अंगावर यायच्या आत गॅसवाल्याने लगाम खेचला. रावया खिडकीतून बघत होती. ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडून उपयोग नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं.

डॉक्टरीणबाई कोणावर रागावल्या नाहीत. "कानाला यंत्र बसवू, आवाज पोचेल," त्या म्हणाल्या. "पण आवाजाचा शब्द करायला मेंदू पहिल्या वर्षांतच शिकतो. ती जागा रिकामी राहिली, तर दुसरी कामं तिथे बिऱ्हाड करतात."

"पुस्तक वाचेल का तो?" रावयाने एवढंच विचारलं.

"आधी हातांची भाषा शिकवा. भाषाच नसेल तर वाचणार काय? पण फार उशीर केलात, बाई."

घरी येऊन रावयाने गोष्टींची पुस्तकं माळ्यावर टाकली. आई चुलीपुढे बसून स्वतःच्या थोबाडीत मारत राहिली, आणि तिला कोणी अडवलं नाही.

पुढच्या वर्षी मुलगी झाली. सातव्या दिवशी आईचा हात खलबत्त्याकडे जाईना. रावयाने खलबत्ता ओढून घेतला आणि चाळणीशी बसून असा घाव घातला की बाया दचकल्या. पोर किंचाळली.

"ऐकू येतंय गं हिला," आई रडत म्हणाली.

रावयाने दुसरा घाव घातला, तिसरा घातला. पोर लालबुंद झाली तरी तिची खात्री पटेना.

"बास कर, वहिनी," मी म्हटलं.

तेवढ्यात वजीह बायांमधून वाट काढत आला. त्याने बहिणीचं उघडं तोंड पाहिलं आणि आपला हात सरळ खलात घातला. रावयाचा बत्ता वरच थांबला.

"हात काढ, बाळा," ती म्हणाली.

तो तिच्या ओठांकडे बघून खळखळून हसला, गोष्ट वाचताना हसायचा तसाच.