व्याह्यांच्या पाट्या

अकोल्याच्या एमआयडीसीत भगवंतरावांचा सरकी तेलाचा कारखाना आहे आणि त्या कारखान्याचा बॉयलर खुशालराव एकोणीस वर्षांपासून चालवतात. माणूस धामणगाव रेल्वेकडचा; बोलायला कमी, बघायला जास्त. बॉयलरच्या भागांची त्यांची नावं सुटसुटीत. दाब दाखवतं ते घड्याळ. वाफ जास्त झाली की उडते ती सेफ्टी. आतलं पाणी कुठवर आहे हे जिच्यात दिसतं ती काच. एवढ्या तीन शब्दांच्या भांडवलावर त्यांनी एकोणीस वर्षांत कारखान्याचा एकही पत्रा आभाळात जाऊ दिला नव्हता. अर्थात याला कोणी विद्वत्ता म्हणत नाही.

विद्वत्ता अमरावतीहून आली.

झालं असं, की वार्षिक तपासणीला नव्या निरीक्षक मॅडम येणार होत्या आणि त्या मराठीच्या कट्टर अभिमानी आहेत, अशी पक्की खबर भगवंतरावांनी आणली. खबरीचं मूळ इतकंच, की एका कारखानदाराचं इंग्रजी भाषण मॅडमनी मधेच थांबवून "मराठीत सांगा" म्हटलं होतं. ते इंग्रजी ऐकलं असतं तर कोणीही तेच म्हटलं असतं. पण भगवंतरावांनी ठरवलं, बॉयलरच्या भागाभागावर शुद्ध मराठी नावाची पाटी पाहिजे. नावं कोण काढणार? व्याही! लेकीचे सासरे शालिकराम सर, कॉलेजातून निवृत्त, घरी परिभाषेचे चार कोश, आणि ते ऐकून घ्यायला घरात कोणी नाही.

सरांनी महिनाभर झटून काम केलं. घड्याळाचं झालं 'बाष्पदाबमापक'. सेफ्टीची झाली 'अतिदाब विमोचन झडप'. भट्टीच्या दाराला 'इंधन प्रज्वलन कक्ष प्रवेशद्वार' असा मान मिळाला. त्यातून आत जाणारी कपाशीची वाळकी पऱ्हाटी मात्र पूर्वीसारखीच मुकाट्यानं जळत राहिली. काचेचं नाव सगळ्यांत भारदस्त निघालं: 'अंतर्गत जलपातळी निदर्शक काचनलिका'. नाव लांब, म्हणून पत्र्याची पाटी मोठी. मोठी पाटी लावायला जागा कुठे, तर सरांनी ती तारेनं थेट काचेवरच बांधून घेतली. कायद्यानं बॉयलरला काचा दोन लागतात. सर काटेकोर. त्यांनी पाट्याही दोन केल्या होत्या.

खुशालराव मालकाकडे गेले.

"मालक, काच झाकली ना त्यायनं. पाणी कसं पाहू?"

"पाटी बाजूला सरकवून पाहत जा."

"मंग बाजूलेच बांधू."

"बाबा रे," भगवंतराव आवाज खाली आणत म्हणाले, "पोरगी त्यायच्या घरी दिली आहे म्या. लग्नात त्यायले फेटा उशिरा बांधला, तं तीन वर्षं ऐकून राहिलो. मॅडमच्या समोर सरांच्या पाटीले हात लावला तं दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नको. समजलं?"

समजलं. भगवंतराव सरकारला भीत नव्हते, बॉयलरला भीत नव्हते. पण मुलाकडचा व्याही रुसला तर त्याचा रुसवा उतरवणारी झडप अजून कोणत्या कारखान्यात निघालेली नव्हती.

थंड बॉयलरची तपासणी आधीच झाली होती. मॅडम आल्या त्या पेटता बॉयलर पाहायला. भट्टी भडकलेली, वाफ चढलेली, सरकी शिजवायच्या कढया चालू. स्वागताला शाल, नारळ आणि सर. मागच्या शेडमध्ये रोडगे भाजून तयार, वांग्याची भाजी तर्री सोडून बसलेली. सरांनी 'बाष्प' या शब्दापासून सुरुवात केली तेव्हाच खुशालरावांनी ओळखलं, रोडगे थंड होतात.

तेवढ्यात पाण्याचा पंप सुरू झाला. तो आपला पाणी कमी झालं की आपोआप सुरू होतो. त्याला भाषण कळत नाही. खडखडाटात सरांचा आवाज बुडाला. सर थांबले आणि त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं. बस्, तेवढी एक नजर! भगवंतराव झटकन गेले आणि त्यांनी मोठं बटण बंद केलं. पंप बंद. त्याच बटणावर पाणी घटल्याचा भोंगाही होता. तोही गप्प.

"मालक, पंप," खुशालराव पुटपुटले.

"पाच मिनिटं थांब."

सरांची पाच मिनिटं! भट्टी ओढतेय, कढया वाफ पितायत, पाणी उतरतंय, आणि काचेवर पाटी. खुशालरावांच्या पाठीला घाम फुटला. तो भट्टीचा नव्हता. पाणी काचेच्या खाली गेलं की आतल्या नळ्या तापून लाल होतात, आणि मग शुद्ध मराठी, अशुद्ध मराठी सगळी एकाच ढिगाऱ्यात सापडते.

"मालक, पाहू द्या ना एक डाव."

"सर बोलून राहिले!"

कामावर उद्या यायचं की नाही, हा सवाल उद्याचा होता. खुशालराव सरळ सरांच्या पुढून गेले, पाटीला हात घातला आणि हिसका दिला. तार तुटली, पाटी खणकन खाली पडली. काचेच्या तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं. त्यांनी भट्टीचा पंखा बंद केला, पंपाचं बटण सुरू केलं. पंप खडखडला. पाणी काचेत हलकेच वर चढायला लागलं तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

मॅडम जवळ आल्या. आधी काच पाहिली, मग खालची पाटी.

"पंप कोणी बंद केला होता?"

भगवंतरावांनी खुशालरावांकडे अशा नजरेनं पाहिलं की त्या नजरेत आर्जव, धमकी आणि बोनस, तिन्ही होती.

"मालकानं," खुशालराव म्हणाले. "भाषण ऐकू यावं म्हणून."

मॅडमनी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं: काचेवरच्या पाट्या आजच काढाव्या, पंपाच्या बटणाला कुलूप लावावं, किल्ली बॉयलर परिचर खुशालराव यांच्याकडेच राहावी, एवढं झालं की प्रमाणपत्र मिळेल. सर तोवर चपला शोधत होते. रोडग्याला न शिवता ते अमरावतीच्या गाडीला लागले.

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांनी खुशालरावांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर टोपी, उपरणं आणि पेढ्याचा डबा.

"लेकीचा फोन आला होता. सर कालपासून जेवले नाहीत. तू हे घेऊन अमरावतीले जा अन् त्यायच्या पाया पड. नाही तं कामाचं पाह्य."

"जातो ना. पण मी गेल्यावर बॉयलरजवळ कोण? बॉयलर चालवाचं सर्टिफिकेट तं माह्यापाशीच हाये. मॅडमनं किल्ली बी माह्याच नावानं लिहिली. मंग आज भट्टी विझवू काय?"

भगवंतरावांनी खिडकीतून आवारात पाहिलं. सरकीच्या चार गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि एकीचाही ड्रायव्हर व्याही नव्हता. मग त्यांनी टोपी-उपरणं स्वतःच काखेत मारलं.

खुशालराव त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले.

"काय सांगू सरायले?" भगवंतरावांनी विचारलं.

"सांगा, पाटी खुशालनं पाडली."

"ते तं त्यायनं पाह्यलंच."

"मंग जे नाही पाह्यलं ते सांगा. पाणी दोन बोटं उरलं होतं."

"अन् त्यायनं विचारलं, पंप कावून बंद केला, तं?"

"खरं सांगा. तुमचं बोलणं ऐकाले."

भगवंतरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस खुशामतही करू शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.