दोनशे चौदा मनगटं

कड्याच्या चकतीवरच्या क्यूआर कोडचा सगळ्यात लहान चौकोन अर्ध्या मिलिमीटरचा होता. दोन वर्षं साबण, घाम आणि भांडी घासायचा काथ्या सोसूनही भिंगाखाली त्याच्या कडा धारदार दिसत होत्या. मी व्हर्नियर लावून तीन ठिकाणी मापं घेतली. कोरीवकामात खोट नव्हती. ती नसणार हे मला माहीत होतं. तरी मी मोजत राहिले, कारण मोजताना वर बघावं लागत नाही.

समोर शिंपीकाका उभे होते. त्यांचं दुकान आमच्यापासून चौथं. कडं त्यांच्या बायकोचं होतं.

"तुझ्या काकूला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो," ते सांगत होते. "इंजेक्शन द्यायच्या आधी ते तिला म्हणाले, बघू तुमचं कडं. फोन धरला, तर टायरची जाहिरात! मला म्हणतात, काका, यांना टायर चालत नाहीत का?"

टेबलामागे बसलेली वहिनी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. मशीनपाशी बसलेला दादा हसला नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? तुझी काकू शुद्धीवर होती. ती शुद्धीवर असली की कुणाला काही विसरू देत नाही. तिन्ही औषधांची नावं घडाघडा सांगितली. घरी येऊन माझ्या फोनवर बघितलं, तर तिथेही टायर. दोन्ही फोन बावळट निघाले म्हणायचे. तुझ्या कामात चूक व्हायची नाही. तू तर माझ्या बटणांमधलं अंतरसुद्धा मोजतेस."

आमचं दुकान स्टीलच्या कड्यांचं. ज्याला एखादं औषध चालत नाही, ज्याला आकडी येते, त्याने ते मनगटात घालायचं. चकतीवर कोड कोरलेला असतो. माणूस बेशुद्ध पडला तर कुणीही फोन धरावा आणि काय द्यायचं, काय द्यायचं नाही, ते वाचावं. कोरण्याचं काम दादाचं, गिऱ्हाइकांचं वहिनीचं आणि कोडचं माझं.

कोड बनवून देणारी साइट मीच निवडली होती. सहज नव्हे, चार साइट्स ताडून पाहिल्या होत्या. सगळा मजकूर कोडमध्येच भरला की एका बाजूला एक्केचाळीस चौकोन लागायचे. दादाच्या नाजूक चकतीवर ते इतके बारीक यायचे की ओरखडा पडला तर कोड वाचलाच जाणार नाही, अशी मला भीती होती. चौथी साइट मजकूर आपल्याकडे ठेवायची आणि कोडमध्ये फक्त इंटरनेटवरचा एक छोटा पत्ता घालायची. पंचवीस चौकोनांत काम भागायचं. चौकोन मोठे, टिकाऊ. मी प्रत्येक कोड तीन फोनवर तपासला, उन्हात, ट्यूबलाइटखाली आणि अंधुक उजेडात. चकती सँडपेपरने घासूनही पाहिली. स्टील किती टिकेल याचा हिशेब मी केला. तो पत्ता कुणाच्या मालकीचा आहे आणि तो माणूस किती टिकेल, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

नऊ दिवसांपूर्वी एक जुना नमुना हातात आला म्हणून मी फोन धरला आणि टायर दिसले. साइट बंद पडली होती. पत्ता दुसऱ्याच कुणीतरी घेतला होता. मी वही काढून मोजलं. त्या पत्त्यावर अवलंबून असलेली कडी दोनशे चौदा होती.

त्याच संध्याकाळी मी दादाला सांगितलं. त्याने मशीन बंद केलं. मग म्हणाला, "शुक्रवारपर्यंत थांब." शुक्रवारी मोठ्या हॉस्पिटलची ऑर्डर पक्की व्हायची होती. त्याआधी बोभाटा झाला तर दुकान उठलं असतं. मी हो म्हटलं. मग तो शुक्रवार पुढच्या शुक्रवारवर गेला, आणि मी त्यालाही हो म्हटलं.

"काका, बसा जरा," आता दादा उठून म्हणाला. "पॉलिश करून देतो. शास्त्रज्ञबाई, आत ये बघू."

आतल्या खोलीत त्याने दार लोटून घेतलं. वहिनीही मागून आली.

"तीन दिवस राहिलेत," तो हळू आवाजात म्हणाला. "यांची चकती आत्ता बदल, पॉलिशच्या नावाखाली. बाकीच्यांना पुढच्या आठवड्यात एकेक करून बोलवू. कुणाला कळायचं कारण नाही."

"आणि तीन दिवस कुणी बेशुद्ध पडायचं नाही, अशी पाटी लावू या का दारावर?" वहिनी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये कुठे? मी तर नऊ दिवस कडेलाच आहे, अहो. फोन माझ्याकडे येतात. परवा त्या आकडीवाल्या मुलीची आई विचारत होती, सहलीला पाठवू ना, कडं आहे हातात. मी म्हटलं, पाठवा."

दादाने भिंतीला हात टेकला. त्याची नखं ग्रीसने काळी होती. "मी काय मुद्दाम केलंय का?" तो म्हणाला. "साइट कुणी निवडली?"

"मी," मी म्हटलं.

मी ड्रॉवर उघडला. काकूंची नवी चकती चार दिवसांपूर्वीच करून ठेवली होती. ती जुन्या चकतीपेक्षा मोठी होती आणि दिसायला बोजड. सगळा मजकूर तिच्या चौकोनांतच होता. ज्या प्रोग्रॅमने तो कोड बनवला, तो मी आधी इंटरनेट तोडलेल्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिला होता. मग फोनचंही नेट बंद करून कोड वाचला होता. तिन्ही औषधांची नावं आली होती. मध्ये कुणाचीच साइट नव्हती.

चार दिवस ती चकती ड्रॉवरमध्ये होती आणि काकूंच्या हातात टायरवाली.

मी चकती घेऊन बाहेर आले. काका स्टुलावर बसून, सवयीने, आमच्या पडद्याची शिवण बोटांनी तपासत होते.

"झालं पॉलिश?" ते म्हणाले. "एवढ्यात?"

मागे दार करकरलं. दादा उंबऱ्यात येऊन उभा होता. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. ती पुरती हललीही नाही. मग तो खाली बघू लागला.

"काका, तुमचा फोन चांगला आहे," मी म्हटलं. "डॉक्टरांचाही. चूक माझी आहे, आणि ती मला नऊ दिवसांपासून माहीत आहे."

त्यांचं बोट शिवणीवरच थांबलं.

"नऊ दिवस?"

"हो. आणि ती एकट्या काकूंच्या कड्यात नाही." माझा आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "वहिनी, वही आण. आधी त्या सहलीवाल्या मुलीच्या आईला फोन लाव, मग हॉस्पिटलला. दोनशे चौदा कडी आहेत. ती सगळी आम्ही आजच परत बोलावतोय."