कोकरेवस्ती : निरंक

मी बाभळटेक ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा माहितीफलक बोलतोय. बोलण्याची मला सवय नाही, तेव्हा काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या. वाचलं जाणं एवढंच माझं काम, आणि तेरा वर्षांत तेही फारसं अंगावर पडलं नाही.

माझा जन्म इंदापूरच्या एका पत्र्याच्या दुकानातला. आठ फूट लांब, चार फूट उंच, कडेनं लोखंडी चौकट. टेम्पोतून गावात आलो तेव्हा मला वाटलं, आता कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर होणार. पण मला निळा रंग दिला आणि भीमा पेंटरनं माझ्या अंगावर अख्खं गाव लिहून काढलं. क्षेत्र सातशे बेचाळीस हेक्टर. कुटुंबं दोनशे अडुसष्ट. लोकसंख्या बाराशे शहाऐंशी. शाळा एक, अंगणवाड्या दोन, मंदिरं सात. भीमाचं अक्षर वळणदार. दर ओळीनंतर तो चहा घ्यायचा. बावीस ओळींना तीन दिवस लागले.

तेव्हापासून माझ्यावर कुणी जन्मलं नाही आणि कुणी मेलं नाही. गावात मात्र दोन्ही सुरू आहे. समोरच्या लिंबाला दर महिन्याला कुणाच्या तरी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. वाढदिवसाचा असेल तर तो माझ्याच खिळ्यांना बांधतात आणि माझं तोंड आठवडाभर झाकलेलं राहतं. या फ्लेक्सांच्या हिशेबानं गावात सध्या चौदा भावी सरपंच आहेत. हा आकडा माझ्यावर नाही.

गाव कालव्याच्या शेवटाला आहे. आमच्याकडं याला 'टेलचं गाव' म्हणतात. वरच्या सगळ्या गावांचं भिजवून झालं की उरलेलं पाणी येतं ते आमचं. तरी इथला माणूस ऊसच लावतो. का लावतो, हेही माझ्यावर लिहिलेलं नाही. हंगामात समोरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडं जातात आणि मी चौकटीसकट थरथरतो. शेजारी दूध डेअरी आहे. सकाळी तिथं अर्धं गाव जमतं, कॅन खाली ठेवतं, माझ्या चौकटीला टेकतं आणि मोबाइल बघतं. माझ्याकडं पाठ असते.

असं सगळं सुखानं चाललं होतं. पण माझ्या एकोणिसाव्या ओळीत एक खोटं होतं. ते माझं नव्हे, तरी माझ्या अंगावर होतं. ती ओळ अशी: 'कोकरेवस्ती : पडीक. लोकसंख्या : निरंक.'

निरंक हा कचेरीतला शब्द आहे. काहीच नाही असं सरळ लिहिलं तर कुणी विचारेल, का नाही? निरंक लिहिलं की कुणी विचारत नाही.

त्याचं झालं असं. मला रंगवण्याआधी वस्तीवार माहिती गोळा करायला बाहेरगावचा एक कारकून आला होता. महिना जानेवारीचा. ओढ्यापलीकडची कोकरेवस्ती म्हणजे मेंढरं राखणाऱ्यांची नऊ घरं. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं, घोडी, कोंबड्या, लेकरं घेऊन घाट उतरायची आणि पाऊस तोंडावर आला की परत यायची. कारकून गेला तेव्हा वस्तीत कुत्रंही नव्हतं. कुठल्याच दाराला कुलूप नव्हतं. नऊही दारांना वाळक्या बाभळीचे फेसाटे, म्हणजे काटेरी फांद्या, आडवे लावलेले. कुलूप नाही, वर काटे, म्हणजे घरं टाकून दिलेली, असा त्यानं विचार केला. विचार केला हेच कारकुनाच्या मानानं खूप झालं. मग तो परत येऊन सरपंच बापूसाहेबांकडं पोहे खाऊन गेला.

जूनमध्ये माणसं परत आली. फेसाटे बाजूला झाले, चुली पेटल्या. मी त्याआधीच भिंतीवर चढलो होतो आणि तोवर वाळलोही होतो.

पुढं चरायला रानं उरली नाहीत. जिकडंतिकडं ऊस आणि तारेची कुंपणं. पोरं मेंढरांमागं जायला तयार होईनात. आठ वर्षांपूर्वी वस्तीनं मेंढरं विकली, म्हशी घेतल्या, मका-ज्वारी करायला लागली. आता ती बारा महिने तिथंच असतात. निवडणुकीला सगळे उमेदवार मला न विचारता तिथं बरोबर पोचतात.

साखरबाई कोकरे त्याच वस्तीतल्या. सत्तरीच्या, गुडघ्यांनी अधू. रोज सकाळी दुधाचा कॅन घेऊन ओढा ओलांडून डेअरीवर येतात आणि परत निघण्याआधी माझ्या सावलीला टेकतात. आठ वर्षं त्या माझ्याखाली बसत होत्या. वाचता येत नव्हतं, म्हणून आमचं बरं चाललं होतं.

गेल्या वर्षी गावात घरोघरी नळाची योजना आली. पाहणीला एक तरुण इंजिनिअर आला. त्या दिवशी ग्रामसेवक तालुक्याला बैठकीला गेले होते. इंजिनिअरनं घड्याळ बघितलं, मला बघितलं, मोबाइलनं माझा फोटो काढला आणि गेला. कुणीतरी आपल्याला शेवटपर्यंत वाचलं म्हणून मला चांगलंच वाटलं होतं. आराखडा मंजूर होऊन आला तेव्हा पाइप ओढ्याच्या अलीकडं थांबला होता. पलीकडं माणूस नाही तर पाइप कशाला?

वस्तीवरच्या बायका पाणी आणायच्या ते ओढ्याकाठच्या विहिरीतून. उन्हाळ्यात ती आटली की टँकरची वाट बघायची. साखरबाईंचा मुलगा अविराज बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. त्यानं ठरवूनच टाकलं. एका सकाळी माझ्यापुढंच मोटारसायकल उभी करून म्हणाला, "आय, मी तितं खोली बघितलीया. दिवाळी झाली की समद्यांनी जायाचं. मनिषानं आजून किती वर्सं डोक्यावर हंडं वाहायचं?"

मनिषा म्हणजे सून. साखरबाईंनी कॅनचं झाकण घट्ट बसवलं. मग म्हणाल्या, "दिवाळी झाली की आपली मानसं जायाचीच. पर ती परत याया जायाची. तू म्हंतूस ते जानं न्हाय, उठनं हाय."

"आपन गेलो की बाकीची बी येत्याल मागनं. तिगं जन तर तयारच हायती."

"मंग वस्तीवर कोन ऱ्हाईल?"

"कुनी न्हाय."

आणि माझ्या पत्र्याला एकदम कळलं की माझी एकोणिसावी ओळ आता खरी होणार.

अविराज गेल्यावर साखरबाईंनी ग्रामपंचायतीच्या दारात उभ्या असलेल्या सुप्रियाला हाक मारली. सुप्रिया कार्यालयात संगणकावर दाखले काढून देते. "पोरी, तो नळाचा सायेब ह्याच पत्र्याचा फोटू काढून गेला न्हवं? ह्यावर आमच्या वस्तीचं काय लिवलंय गं?"

सुप्रियानं वाचलं. मला त्या वेळी एखादा वाढदिवसाचा फ्लेक्स हवा होता.

"निरंक म्हंजी?"

"म्हणजे आजी… तिथं कुणीच राहत नाही."

"मंग मी कोन हाय?"

"कागदावर बघायचं तर तुम्ही नाही आहात, आजी."

साखरबाई हसल्या. "तरीच. काल मी सुनंला वरडले तर तिला ऐकाय आलं न्हाय." मग हसणं थांबवून विचारलं, "पर असं लिवलं कुनी? आन का?"

सुप्रियानं जुनी फाइल काढली. कारकुनाचा शेरा होता: दारांना कुलुपे नाहीत, काटे लावलेले, घरे पडीक. साखरबाईंनी तो दोनदा वाचून घेतला. "आगं, कुलूप लावतूय कोन? कुलूप म्हंजी शेजाऱ्यावर भरोसा न्हाय. काटा आसतो कुत्र्या-शेरडासाठी. दाराला काटा लावला म्हंजी घरधनी परत येनार हाय. ज्याला यायाचं न्हाय, तो काटा कशाला लावंल?"

कारकुनाच्या शिक्षणात हे नव्हतं. माझ्याही नव्हतं.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला एरवी झेंड्याचे लाडू संपले की माणसं पांगतात, आणि सह्या नंतर घरोघर जाऊन घेतात. त्या दिवशी मात्र वस्तीवरची सगळी माणसं ओढा ओलांडून आली आणि माझ्यापुढं जमिनीवर बसली. कडेवरची लेकरंसुद्धा. फक्त अविराज लांब गाडीवर बसून राहिला. साखरबाईंनी मागणी मांडली: फलकावरची ओळ दुरुस्त करा आणि पाइप ओढ्यापलीकडं आणा. बापूसाहेब माणूस चांगला, पण घाईचा नाही. ते म्हणाले, "आक्का, माजी काय ना न्हाय. पर वरनं विचारत्यात, वस्ती हाय ह्याला पुरावा काय?"

"ह्यो काय बसलाय पुरावा. मोजा."

तेवढ्यात पंच दत्तोबा उठले. गावातला चांगला ऊस दत्तोबांचा. "बापूसाहेब, टाकीतनं आपल्यालाच दिवसाआड पानी येनार. त्यात ही नऊ घरं आनि धरली तर आमी काय प्यायाचं? वस्तीचं पुढच्या योजनेत बघू की."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. आता संपलं, असं मला वाटलं. पुढच्या योजनेत घातलेली बरीच माणसं मी बघितली आहेत.

साखरबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "दत्तोबा, तुज्या रानात आमची मेंढरं बसायची, याद हाय का?"

"हाय की."

"लेंडीखत पाहिजे म्हनून सांजच्याला नारळ घिऊन कोन आलतं आमच्या वस्तीवर? आमची मेंढरं आदी तुज्या रानात बसवायची का तुज्या सख्ख्या चुलत्याच्या, ह्याच्यावरनं तू त्येच्याशी भांडला व्हतास. तवा वस्ती बरी गावली तुला? ती काय निरंक वस्तीची मेंढरं व्हती व्हय रं?"

सभेत पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं हसलं. ते दत्तोबांचे चुलतेच होते. दत्तोबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग खाली बसत म्हणाले, "लिवा बापूसाहेब. सूचक म्हनून माजंच नाव लिवा. न्हायतर म्हातारी हितंच समदं काढंल." अनुमोदक चुलते झाले. त्या घरात दोन नावं एका कागदावर येण्याची ती बारा वर्षांतली पहिली वेळ.

माणसं मोजली. त्रेचाळीस भरली. सुप्रियानं माझ्यासमोर बसवून त्यांचा फोटो काढला आणि ठरावाला जोडला. दुसऱ्या दिवशी भीमा आला. आता त्याला चष्मा लागलाय. त्यानं एकोणिसावी ओळ खरवडली. तेरा वर्षांचा रंग, दुखलं थोडं. आणि तिथं लिहिलं: 'कोकरेवस्ती : कुटुंबे नऊ. लोकसंख्या त्रेचाळीस.' चहा एकच घेतला.

पुढचं काम सरकारी चालीनं झालं. इंजिनिअर पुन्हा आला. या वेळी तो ओढा ओलांडून गेला आणि बूट चिखलात भरवून परत आला. वाढीव पाइप मंजूर झाला. पण दसरा गेला, दिवाळी आली, खोदाई गावातच अडकली होती. अविराजनं खोलीची किल्ली आणली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक रिकामा टेम्पो माझ्यासमोरून ओढ्याकडं गेला. वस्तीवरून बारामतीला जायचं तर माझ्यासमोरूनच जावं लागतं. मला मान वळवता येत नाही. मी समोरचा रस्ता बघत राहिलो. दुपारी टेम्पोचा आवाज आला. कॉटचे पाय दिसतील, भांड्यांची पोती दिसतील, वर मनिषा आणि लेकरं असतील.

टेम्पो रिकामाच होता. ड्रायव्हर चिडलेला आणि शेजारी अविराज, डेअरीवाल्यांची नजर चुकवत बसलेला. डेअरीपुढं गाडी थांबवून ड्रायव्हर म्हणाला, "येवढ्या लांब बलावलंस आन रिकामाच न्हेतूस व्हय?"

"काय करू? खोदनारी मानसं सकाळीच वड्याच्या पल्याड आलीत. आय त्यास्नी जेवाय घालत बसलीया. मला म्हनली, भाकरी वाढ."

"आन तू वाढलीस?"

"मंग काय करतू? ती आपल्याच दारापतुर खंदत्यात."

नवव्या दिवशी वस्तीवर नळाला पाणी आलं. ते मी बघितलेलं नाही. पण मनिषाच्या हातचे पेढे डेअरीवर आले आणि दत्तोबांनी दोन घेतले, एवढं मी बघितलं.

अविराज आता रोज मोटारसायकलनं कामाला जातो-येतो. माझा उजवा कोपरा गंजलाय. नवा फलक करायची चर्चा आहे; ती टिकली तर मी गोठ्यावर जाईन, माझी तक्रार नाही. गेल्या आठवड्यात साखरबाईंनी सुप्रियाला पुन्हा हाक मारली आणि आपली ओळ वाचून घेतली.

"त्रेचाळीस, आजी."

"चुकलं. पंचेचाळीस झाली. माजा दीर आबाजी आन त्याची बायकू परत आली. चार वर्सं पोराच्या खोलीत बसून व्हती. आता म्हनली, पानी आलंय तर घरी मरू."

"बाई! आता दोन माणसांसाठी भीमाकाकांना कुठं बोलवू?"

"नको बलवू. ऱ्हाऊ दी तसंच. पुन्यांदा कुनी सायेब फोटू काढाय आला तर म्हनावं, आदी वस्तीवर जाऊन च्या पिऊन ये."

माझंही तेवढंच मागणं आहे. वाचा मला जरूर, तेवढ्यासाठीच मी टांगलेला आहे. पण माझ्यावरून उतरवून घेऊ नका. मी पत्रा आहे, वाळलेला रंग आहे, आणि आजच्या तारखेला दोन माणसांनी चुकलेला आहे. तुम्ही हे वाचेपर्यंत आणखी किती चुकलो असेन, ते ओढा ओलांडल्याशिवाय कळणार नाही. दहा मिनिटांची वाट आहे. आता चुकायचीही भीती नाही. पाइपाच्या कडेकडेनं चालत जा.